भरली

सिंगापूरला मी जे काम करायचे ते ऐकून समोरचा आधी हसायचा. क्वीन्सटाउनमधली आमची कंपनी एका अमेरिकन दुकानाची वेबसाइट सांभाळायची. दुकान शिकारीच्या सामानाचं, आणि माझ्या वाट्याला आल्या होत्या ठासणीच्या बंदुका. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी घालून गजाने ठासायची, तीच ती जुनी बंदूक. कुठल्या राज्यात, कुठल्या हंगामात, कुठली चालते हे वेबसाइट गिऱ्हाइकाला बरोबर सांगतेय की नाही, हे मी तपासायचं. बॅगेत एक काडतूस सापडलं तरी माणसाची धडगत नाही, अशा देशात बसून मी हे करत होते. तेव्हा मलाही हसू यायचं. आता येत नाही.

तिकडे ठासणीवाल्यांना शिकारीचा वेगळा हंगाम देतात. एका वेळी एकच बार निघतो, हरणालाही पळायला वाव मिळतो, असा त्यामागचा विचार. पण माणूस कुठला ऐकतोय! कारखान्यांनी नव्या ठासणीच्या बंदुका काढल्या. बार पेटवणारी त्यांची टोपी नळीच्या बरोबर मागे, झाकलेली, पावसात न भिजणारी. वर दुर्बीण. मागचं बूच फिरवून काढलं की भरलेली बंदूक मागूनच रिकामी करता येते. नावाला तेवढी ठासणीची. मग राज्यं चिडली. एकाने दुर्बीण बंद केली, दुसऱ्याने टोपी बाहेरून दिसलीच पाहिजे असा हट्ट धरला. भरलेली कशाला म्हणायचं यावरही त्यांचं एकमत नव्हतं. बऱ्याच ठिकाणी आत दारूगोळा असला तरी टोपी लावलेली नसेल तर कायद्याने बंदूक रिकामीच. माझ्या शेजारी बसणारी चिनी मुलगी कपाळावर हात मारायची. "सो ट्रबलसम लाह! जस्ट ईट चिकन!"

बाबांना मात्र ह्यात फार रस. रत्नागिरीकडे आमची काजूची बाग, आणि बाबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक. माकडं आणि रानडुकरं हाकलायला ते हवेत बार काढायचे. शिकारीला आपल्याकडे हंगाम नाहीच, सरळ बंदी. त्यामुळे रविवारी फोन केला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला.

"काय गो, तुमच्या अमेरिकेत हरणांना पंचांग वाटतात की काय? आजपासून जपा म्हणून?"

"वाटत असतील, बाबा."

"आणि आमची बंदूक चालेल का तिथे?"

"सगळ्यात कडक राज्यातसुद्धा चालेल. तुमच्याइतकं जुनाट त्यांच्याकडे काही नाही."

ते खूश व्हायचे. एकुलती एक लेक लांब गेली याचं त्यांना वाईट वाटत होतं, पण तसलं काही बोलायची आमच्या घरात रीत नव्हती. बोलायला बंदूक होती, आम्ही बंदुकीवर बोलायचो.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी धावत गेले, होती तेवढी रजा संपवली आणि सिंगापूरला टॅम्पिनीसच्या फ्लॅटवर परत आले. वाचा हळूहळू येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या एका ‘हळूहळू’वर मी दिवस ढकलत होते.

त्यात निवडणूक लागली. आचारसंहिता आली की परवान्याच्या बंदुका पोलीस स्टेशनात जमा करायच्या, हे गावात दरवेळचंच, आणि नेमकं काजूच्या हंगामात. पोलीस पाटील घरी निरोप देऊन गेले. आई त्या बंदुकीला उभ्या संसारात शिवली नव्हती. भिंतीवर टांगलेली ती वस्तू भरलेली आहे की रिकामी, हे फक्त बाबांना ठाऊक.

निरोप आला त्याच संध्याकाळी आईने व्हिडिओ कॉल लावला. "अगो, हे बोलले! सकाळपासून एकच शब्द बोलतायत," म्हणत तिने फोन बाबांसमोर धरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ ओठांशी झगडले आणि म्हणाले, "भरली."

आनंदाने माझ्या अंगावर काटा आला.

"आई, बंदुकीला हात लावू नकोस! भरलेली आहे म्हणतायत. बाबा, टोपी लावलीय का? टोपी?"

त्यांच्या ओठाचा चांगला कोपरा जरासा हलला. मी ते ‘हो’ धरलं.

आईने फोन चालू ठेवूनच शेजारच्या काकांना बोलावलं. त्यांच्याकडेही ठासणीचीच. त्यांनी बंदूक जपून उतरवली, टोपीची जागा पाहिली, मग नळीत गज सोडला, तोंडाशी बोटाने खूण धरली आणि गज बाहेर काढून नळीला लावून बघितला. आत दारूगोळा असता तर गज तेवढा कमी गेला असता. तो तळापर्यंत गेला होता.

"रिकामी हाय, बाय," काका हसले. "बाबांना आठवत नसेल."

मला त्यातही शुभच दिसलं. चुकीचं का होईना, पण माणसाला आपल्या बंदुकीची काळजी लागली, म्हणजे माणूस परत येतोय. मी आईला म्हटलं, "बघ, सुधारतायत! शुक्रवारी आमच्या वेबसाइटचं नवं व्हर्जन जातंय, ते झालं की शनिवारी निघतेच." आई एवढंच म्हणाली, "तुला जमेल तसं ये." मी सिंगापुरातच हौगांगला राहणाऱ्या मैत्रिणीला फोन केला, बाबा बोलायला लागले म्हणून. दुसऱ्या दिवशी ऑफिसात लाडू वाटले.

गुरुवारी दुपारी बाबा गेले.

मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. काकांनी बंदूक नेऊन जमा केली होती. ती तिथेच राहिली. परवाना वारसाने आपल्या नावावर करून घ्यायचा, आणि वारस सिंगापुरात.

भेटायला येणारी माणसं कमी झाल्यावर एका दुपारी आई माझ्याजवळ बसली.

"तुझा फोन ठेवल्यावर मी त्यांना विचारलं, अहो, काय भरली? बंदूक? तर डोळे मिटून घेतले. मग मीच म्हटलं, घटका भरली, असं म्हणताय का? तर मान हलवली. हो म्हणून."

एवढ्या मोठ्या आयुष्यातला एकच शब्द त्यांच्याजवळ उरला होता, तो त्यांनी माझ्यासाठी खेचून आणला, आणि मी त्यांना टोपीचं विचारलं.

"मला का नाही सांगितलंस, आई?"

"सांगणार होते गो. पण तू इतकी खूश होतीस." आईने पदराने चेहरा पुसला. "त्यांना मी म्हटलं, ती शनिवारी येतेय, थांबा. मी बोटांवर वार मोजून दाखवायला लागले. शनिवारच्या बोटापर्यंत पोचू दिलं नाही त्यांनी. डाव्या हाताने माझी मूठ मिटली आणि तशीच धरून ठेवली."