चढावरची शिट्टी

घाटाच्या चढावर ॲक्सिलरेटर दाबला की आमच्या टर्बो गाडीतून बारीक शिट्टी येई. ती प्रथम ऐकली माझ्या पत्नीने, सुमतीने. "तुला काय कळतंय त्यातलं?" असे मी तिच्यावर खेकसलो आणि रेडिओ मोठा केला.

महिन्याभरात गाडी चढावर धाप टाकू लागली, तेव्हा मी गॅरेज गाठले. उभ्या गाडीत आवाज येईना. म्हातारे मिस्त्री हसले. "उभ्या गाडीला काय विचारता साहेब? चला चढावर." तिथे त्यांनी मला जोर लावायला सांगितले आणि शिट्टी वाजली. टर्बोची दाबलेली हवा इंजिनाकडे नेणारा रबरी पाइप चिरला होता. "सपाटीवर ही चीर मिटलेली असते," ते म्हणाले. "दाब आला की उघडतं तोंड."

मला संताप आला, पण त्या पाइपचा नव्हे. माझ्या मृदू बोलण्याचे कौतुक करणारी सगळी माणसे मला सपाटीवरच भेटली आहेत. चढावर शेजारी बसलेली असते ती केवळ सुमती. बाहेर वाटत फिरलेल्या त्या सौजन्याची मला आज किळस येते, आणि ती चीड काही केल्या शमत नाही.

नव्या पाइपने गाडी निमूट घाट चढली. रेडिओ बंद ठेवून मी विचारले, "आता येतोय का गं आवाज?"

खिडकीबाहेर पाहत ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं?"