वाटी खाली ठेवल्यानंतर

विनोदी मालिकेत ती शेजारीण होती. हातात रिकामी वाटी घेऊन कोपराने दार ढकलायचं, "साखर आहे का जरा?" म्हणायचं आणि घरात जे काही भांडण चाललं असेल त्यात तेल ओतून निघून जायचं, एवढंच तिचं काम. तिची मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा मालिका सुरू झाली आणि मुलगी कॉलेजातून बाहेर पडली तरी चालूच होती. तोवर तिच्या खऱ्या नावाची कुणाला गरजच उरली नव्हती. भाजीवाला, दंतवैद्य, मुलीचे प्राचार्य, सगळ्यांना ती 'वाटीवाल्या काकू' म्हणूनच ठाऊक. काकू झाली तेव्हा ती पस्तिशीचीही नव्हती, पण ते तिने कधी मनाला लावून घेतलं नाही.

मग मालिका बंद झाली. केक कापला, सगळे गळ्यात पडून रडले आणि पुढच्याच आठवड्यात सुतारांनी सेट मोडला.

जो तो आपापल्या वाटेने गेला. नायकाने चित्रपट केले, ते लागोपाठ आपटले, मग तो दुकानांची उद्घाटनं करत फिरू लागला. नायिकेने सगळ्यांना चकित करून अर्धवट राहिलेलं वकिलीचं शिक्षण पुरं केलं आणि कोर्टात जम बसवला. मालिकेतले सासरे गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात करू लागले, आणि ते तेल खरंच लावतही होते.

वाटीवाल्या काकूंनाही बोलावणी आली, पण सगळी शेजारणीचीच. एका निर्मात्याने तर वाटीऐवजी हातात पेला दिला आणि "भूमिका अगदी वेगळी आहे बघा," म्हणाला. तिने पेला टेबलावर ठेवला आणि घरी आली.

"आता काय करणार?" घरात राहणाऱ्या थोरल्या नणंदेने विचारलं. "दिवसभर घरी बसून माझ्या चुका काढणार असशील तर आत्ताच सांग, मी भावाला दुसरी खोली बघायला लावते."

"नाटक करणार," ती म्हणाली.

"कोण देणार?"

"मागितल्यावर देतील की."

आणि ती खरंच मागायला गेली. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर एका दिग्दर्शिकेची नाटकमंडळी तालीम करायची. खालून यंत्रांची धडधड आणि वर शाईचा वास. तिने सरळ विषयाला हात घातला. "हसवायची नको, दुसरी कसलीही भूमिका द्या."

दिग्दर्शिकेने चष्मा कपाळावर चढवला. "तुम्हाला बघून लोक हसणारच."

"हसू देत. कधीतरी थांबतीलच ना?"

तिला एका आईचं काम मिळालं. मुलगा गोदीत कामाला, एक दिवस पाण्यात बुडून जातो, आणि त्याचे कपडे ओळखायला आई गोदीच्या कचेरीत साहेबासमोर येते. कचेरीचं दार उघडतं आणि तिचा प्रवेश होतो.

पहिल्या प्रयोगाला दार उघडलं आणि प्रेक्षागृह खदखदून हसलं. मागून कुणीतरी ओरडलं, "काकू, साखर संपली." साहेबाचं काम करणारा नट वाक्यच विसरला. तिने घाईघाईने आपलं बोलणं रेटलं आणि सगळा प्रवेश मातीत गेला.

पडदा पडल्यावर दिग्दर्शिका म्हणाली, "दार काढून टाकू. पडदा उघडतो तेव्हा तुम्ही आधीच बाकावर बसलेल्या असाल, पाठमोऱ्या."

"नको," ती म्हणाली. "चूक दाराची नाही. मी घाबरून पळत सुटले. ही बाई पळणार नाही. तिला तर आत यायचंच नाहीये. उद्या मला दारातच उभं राहू द्या."

"किती वेळ?"

"त्यांचं हसून होईपर्यंत."

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिला झोप लागली. नवऱ्याला मात्र लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं. हसू उसळलं. ती उंबऱ्यावर थांबली. तिने कुणाकडे रागाने पाहिलं नाही की मान खाली घातली नाही. टेबलावर कपड्यांचं गाठोडं होतं, तिकडे पाहात ती नुसती उभी राहिली. हसू आणखी वाढलं, मग ओसरलं. दोघेतिघे उरले. मग एकच जण, आणि आपण एकटेच हसतोय हे कळल्यावर तोही गप्प झाला. तेव्हा कुठे तिने एक पाऊल आत टाकलं.

"त्याचे कपडे तेवढे दाखवा," ती म्हणाली.

पुढे तो प्रवेश कसा झाला ते तिला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं, की साहेबाचं काम करणाऱ्या नटाने गाठोडं सोडलं आणि एकेक कपडा नीट घडी घालून तिच्यापुढे ठेवला. तिसऱ्या रांगेत नणंद पदराने डोळे पुसत होती. घरी आल्यावर विचारलं तर म्हणाली, "सर्दी झालीये मला."

त्या नाटकाने तिचं आयुष्य एका झटक्यात पालटलं असं काही नाही. पण गावोगावी प्रयोग झाले, आणि ती दारात दिसताच हसणारे लोक प्रत्येक गावात गप्प झाले. मग कामं येऊ लागली. एकात ती तुरुंगाची अधिकारी होती, एकात मुलांना विष घालणारी आजी. लोक बाजारात ओळखून हसतच होते, आणि हसता हसता मध्येच जरा दबकत होते. तिला ते फार आवडायचं.

परवा मालिकेतल्या जुन्या मंडळींना एका कार्यक्रमासाठी पुन्हा एकत्र आणलं. तीही गेली. वकील झालेल्या नायिकेने बाजूला घेऊन विचारलं, "कंटाळा नाही येत तुला, अजून काकू म्हणतात त्याचा?"

"काकूच आहे मी," ती म्हणाली. "फक्त तेवढीच नाहीये."

सध्या ती नव्या नाटकात न्यायाधीश आहे. सकाळी चहा झाला की स्वयंपाकघरात पाठांतर सुरू होतं. नणंद समोर बसून वाटाणे सोलता सोलता आरोपी, वकील आणि पोलीस अशा तिघांचीही वाक्यं एकाच सुरात वाचते आणि न्यायाधीशाचं वाक्य चुकलं की वाटाणा फेकून मारते.