तिसरं नको

जहाजावर पाय ठेवल्यापासून तेरुओने भेटेल त्याला एकच गोष्ट सांगायचा सपाटा लावला होता. "बायकोला बक्षीस म्हणून आलोय. जन्मभर माझ्यामागे राबली. म्हटलं, आठवडाभर बसू दे आरामात." ऐकणारे माना डोलवायचे, त्याच्या बायकोकडे, मित्सुएकडे, कौतुकाने बघायचे, आणि मित्सुए कमरेत वाकून त्यांचे आभार मानायची. कसलं बक्षीस आणि कसलं काय. बक्षीस मिळालेली बाई त्या वेळी नवऱ्याच्या ताटातल्या माशाचे काटे काढून देत असायची.

खोली तिघांची होती. तिसरी म्हणजे तोमिको, तेरुओची थोरली बहीण. बायकोला न विचारता त्याने तिचंही तिकीट काढलं होतं. "एकटी असते बिचारी. तुलाही सोबत." पलंगांवर भाऊबहीण झोपायची, आणि बक्षीसवाली भिंतीतून ओढून काढायच्या फळीवर. सकाळी उठून आधी तोमिकोचा चहा, मग तेरुओच्या गोळ्या, मग त्याचा चष्मा शोधायचा. नागोयाच्या घरातही हेच करायची, पण तिथे निदान पायाखालची जमीन हलत नव्हती.

योकोहामा सुटलं, शिमिझू झालं, तोबा झालं. मित्सुएने सगळं मूग गिळून चालवून घेतलं, कारण पुढचं बंदर कोची होतं. कोचीजवळच्या उसा गावात तिची थोरली बहीण हारुनो शेवटच्या घटका मोजत होती. आई गेली तेव्हा मित्सुए शाळेतही जात नव्हती. हारुनोने धक्क्यावर मासे विकून तिला वाढवलं, आणि नागोयाचं स्थळ आलं तेव्हा आपला एकुलता एक रेशमी किमोनो तिच्या अंगावर चढवून तिला गाडीत बसवून दिलं. वसंतात साकुराची फुलं गळत होती त्या सुमारास हारुनोचा फोन आला होता. तिकडची माणसं आडवळणाने बोलत नाहीत. "पोटात गाठ आहे. डॉक्टरांनी घरी पाठवलंय. यंदाची पानगळ काही मी बघत नाही. यायचं तर आत्ता ये."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तेरुओने जहाजाचं माहितीपत्रक आणलं. त्यात कोची बघून मित्सुएचा जीव खालीवर झाला. चष्म्यावरून बघत त्याने विचारलंही, "कोचीला बहिणीकडे जायचंय का तुला?"

"नको," मान खाली घालून ती म्हणाली. "उगीच तुमचा खोळंबा होईल."

आता या नकोचा अर्थ काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. चहा घेणार का? नको. अहो, घ्या हो. नको नको, कशाला त्रास. छे, घ्यायचाच. मग घेतात. पहिल्या नकोवर किटली आत नेणाऱ्याच्या घरी पुन्हा कोणी पाऊल टाकत नाही. आणि तेरुओ तर या विद्येतला पंडित. आयुष्यभर पाण्याचे पंप विकले त्याने. हाताखालच्या पोरांना घरी आणून, साके पाजून शिकवणी घ्यायचा. "गिऱ्हाइकाचं पहिलं नको म्हणजे शिष्टाचार. दुसरं नको म्हणजे भीड. तिसऱ्यांदा नको म्हणाला, तर समजायचं, याला खरंच नको आहे." ही शिकवणी चालायची तेव्हा साके गरम करून आणणारी मित्सुएच होती. तिला सगळं तोंडपाठ होतं.

म्हणून ती दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत उभी राहिली. तेरुओने पान उलटलं. "बरं झालं. मग तिथे बसची सहल घेऊन टाकू. तोमिकोलाही बरं पडेल." झालं, पडत्या फळाची आज्ञा. गिऱ्हाइकाला तीनदा विचारणारा माणूस बायकोला एकदा विचारून मोकळा झाला. हा विसराळूपणा नव्हता, भोळेपणा तर मुळीच नव्हता. हा शुद्ध हलकटपणा होता, आणि त्याला दुसरा सभ्य शब्द शोधायची मला गरज वाटत नाही.

कोणी म्हणेल, तिने सरळ का नाही सांगितलं? लग्न होऊन आली तेव्हा सरळच बोलायची. कोचीच्या बायका तशाच असतात, मनात आलं की ओठावर. सासू म्हणाली, "आमच्याकडे असं कोळणीसारखं बोललेलं चालत नाही." जेवताना तिच्या हेलाची नक्कल व्हायची, तेरुओ हसायचा, तोमिको तर पोट धरून हसायची. हळूहळू मित्सुएची जीभ सुतासारखी सरळ झाली. इतकी की मरणाऱ्या बहिणीला भेटायचं असूनही तिच्या तोंडून नकोच निघालं.

कोचीच्या धक्क्याला जहाज लागलं. उतरायला रांग लागली. तेरुओ खिसे चाचपत होता. "अगं ए, माझी टोपी कुठेय?"

"मित्सुए, ती मोठी पिशवी घे," तोमिको म्हणाली. "शेजारपाजाऱ्यांसाठी मिठाईचे डबे घ्यायचेत. मला मेलीला वजन उचलवत नाही."

"वन्सं, मी सहलीला येत नाही. ताईकडे जातेय."

"तू तर नको म्हणालीस," तेरुओ म्हणाला.

"तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत."

"आता घरच्या माणसालाही तीनतीनदा विचारत बसू?"

"आणि असं ऐनवेळी कसं, बाई?" तोमिकोने सूर लावला. "बसमधली जागा फुकट जाईल. फोन कर की बहिणीला. सुट्टीत कशाला ती मरणाबिरणाची कटकट."

मित्सुएच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं दाबून ठेवलेली उसा गावच्या धक्क्यावरची बोली अख्ख्या रांगेदेखत वर आली.

"माजी भन मराया लागलीया," ती म्हणाली. "मिठाई घाला चुलीत. आन् टोपी तुमच्या डोस्क्यावर हाय. जावा आता."

रांगेतली माणसं खाली बघू लागली. तेरुओचा हात डोक्याकडे गेला. टोपी होती. तोवर मित्सुए जहाजाची फळी उतरून टॅक्सीपाशी पोचली होती.

हारुनो दाराजवळच्या गादीवर पडली होती. मासळीची अख्खी टोपली डोक्यावर तोलणारी बाई, पांघरुणाखाली आता आहे की नाही कळत नव्हतं. आवाज मात्र तोच.

"आलीस? रडायचं असेल तर बाहेर रडून ये."

शेजारणीकरवी तिने कात्सुओ मासा मागवून ठेवला होता, पेंढ्याच्या जाळावर भाजलेला, वर कच्चा लसूण. स्वतःला घोटभर पाणी जात नव्हतं. "तू खा. मी बघते," ती म्हणाली. मित्सुएने टोपीची गोष्ट सांगितली तेव्हा ती इतकी हसली की पोट धरावं लागलं. मग हसणं थांबलं आणि तिने मित्सुएलाच धारेवर धरलं.

"आणि तुला तोंड नव्हतं? त्याने विचारलं नाही म्हणून तू इतकी वर्षं आली नाहीस? मी काय त्याची बहीण आहे?"

मित्सुएने ताटली खाली ठेवली. राग तेरुओचा होता, तोमिकोचा होता, पण सगळ्यात जास्त स्वतःचा होता.

दुपारी तिने हारुनोला उचलून न्हाणीघरात नेलं, अंग पुसलं, कपडे बदलले. शेजारीण सकाळ-संध्याकाळ येऊन जायची, बाकी वेळ ती एकटीच असायची. गादीवर परत ठेवल्यावर हारुनोने डोळे न उघडताच विचारलं, "राहतेस?"

"नको गं, उगीच तुला..." मित्सुएची जीभ सवयीने वळली.

"मी एकदाच विचारणार," हारुनो म्हणाली. "दुसऱ्यांदा विचारायला दम नाही माझ्यात."

मित्सुए उठली. येताना तिने रीतीप्रमाणे बूट दाराकडे तोंड करून ठेवले होते, निघताना पटकन पाय घालता यावेत म्हणून. ते उचलून तिने कपाटात आत सारले आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी फोन वाजला. पलीकडे धक्क्यावर निरोपाचा बँड वाजत होता.

"सगळे चढले. तुझ्यामुळे चारचौघांत शोभा झाली माझी. कुठे आहेस?"

"मी इथेच राहतेय. ताई आहे तोवर."

"हे बघ, झालं ते झालं. परत ये. उद्या बेप्पू आहे, गरम पाण्याचे झरे आहेत."

"नको."

"अगं, मी स्वतः टॅक्सीवाल्याशी बोलतो. कप्तानालाही सांगतो. ये तू."

"नको."

भोंगा वाजला. मग तेरुओचा आवाज एकदम मऊ आला, पंप विकताना यायचा तसा. "मित्सुए. ये ना गं. मी विनवतो तुला."

म्हणजे येत होतं याला. दुसऱ्यांदा विचारता येत होतं, तिसऱ्यांदाही येत होतं, नाव घेऊन, गोड बोलून. जन्मभर येत होतं.

"नको," ती म्हणाली. "हे तिसरं. याचा अर्थ तुम्हीच शिकवलाय सगळ्यांना."

तिने फोन ठेवला.

"कोण होतं?" हारुनोने गादीवरून विचारलं.

"कोणी नाही. पंपवाला होता," मित्सुए म्हणाली, आणि तिच्या पायांना शेक द्यायला पाणी गरम करायला उठली.