पाच मिली आणि श्रावणजी

श्रावणजी आमच्या घरी पहिल्यांदा आले ते न बोलावता. सकाळी साडेसातला दारात उभे. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, डोक्याला भरपूर काळा कलप आणि भुवया मात्र पांढऱ्याशुभ्र. "मी समोरच्या घरी राहतो. तुमच्याकडे सकाळ-संध्याकाळ लेकरू रडते, म्हनून आलो," म्हणाले. मला वाटलं, तक्रार घेऊन आलेत. मी भांडायच्या तयारीनं कमरेवर हात ठेवले, तर यांनी चपला काढल्या, मोरीत जाऊन हात धुतले आणि खुर्ची सोडून सरळ फरशीवर बसले. "एखादी पांढरी चादर असन तं दे बेटा. अन् घरातले सारे लहान चमचे आन."

रडणारं लेकरू म्हणजे माझी जुई, तेव्हा चार वर्षांची. तिला एकदा ताप नाही, काही नाही, चांगली खेळता खेळता आकडीचा झटका आला होता. डॉक्टरांनी दोन वर्षांचं औषध लावलं. सकाळी पाच मिली, संध्याकाळी पाच मिली, आणि एकही वेळ चुकवायची नाही. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. त्या औषधाची अख्खी रचना मी फळ्यावर काढून दाखवली असती, पण ते पाच मिली पोरीच्या घशाखाली उतरवणं मला जमेना. नाक दाबलं, मांडीत आवळून धरलं, चॉकलेटची लाच दिली. "गोड आहे गं" म्हणून रोज धडधडीत खोटं बोलले. निम्मं औषध भिंतीवर जायचं. अशा एका आठवड्यानंतर तिला दुसरा झटका आला आणि माझं धाबं दणाणलं.

मग मी लपवाछपवी सुरू केली. आधी दुधात, मग आमरसात. रसाच्या दुसऱ्याच घोटाला जुई थांबली. तिनं वाटीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. वाटी खाली ठेवून निघून गेली. त्या दिवसापासून तिनं माझ्या हातचं खाणं बंद केलं. केळं खायची, उकडलेलं अंडं कवचासकट मागून घ्यायची, बिस्किटाचा पुडा स्वतः फोडायची. ज्यात आईला काही मिसळता येणार नाही तेवढंच खायचं, असं त्या एवढ्याशा जिवानं ठरवून टाकलं होतं. वजन उतरलं. औषध तर आम्ही दोघं नवरा-बायको जबरदस्तीनं ओततच होतो. समोरच्या घरी ऐकू जायचं ते हेच.

श्रावणजींनी चादर अंथरली, सुरकुत्या हातानं सपाट केल्या आणि त्यावर एकेक चमचा मांडायला सुरुवात केली. जुई टेबलाखालून बघत होती. "या ताई, बसा," ते तिला म्हणाले. मला अरे-तुरे आणि माझ्या मुलीला अहो-जाहो! "घेनं-बिनं काही नाही, नुसतं पाहा. हा स्टीलचा. हा जरा खोलगट. ही तुमच्या उष्टावणाची चांदीची चमची. ही बाटलीची टोपी, हलकी हाय. कोनती काढून ठेवू?" जुई टेबलाखालून बाहेर आली. पाच मिनिटं विचार करून तिनं टोपी उचलली आणि विचारलं, "कडू आहे?"

"नाही गं" माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. श्रावणजींनी हात वर करून मला थांबवलं. "तू चाखलं का हे कधी?" त्यांनी मला विचारलं. मी चाखलं नव्हतं. त्यांनी एक थेंब बोटावर घेतला, जिभेला लावला आणि डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "कडू हाय ताई. पहिले गोड लागते, मंग मांगून कडू येते. पान्याचे चार घोट प्याले का जाते." जुईनं विचारलं, "चार?" श्रावणजींनी स्वतः पाणी पिऊन मोजून दाखवले. चारच झाले. मग जुईनं टोपी तोंडाला लावली, तोंड भयंकर वाकडं केलं, चार घोट पाणी प्यायली आणि आश्चर्यानं म्हणाली, "गेलं!"

नंतर कळलं की हा माणूस सावनेरकडचा. तरुणपणी नागपूरला आला आणि गांधीबागेतल्या एका साडीच्या दुकानात गादीवर बसून चाळीस वर्षं साड्या उलगडत राहिला. लग्नाचा बस्ता घ्यायला एकेका घरच्या वीस-वीस बायका यायच्या, त्यात एक मावशी रुसलेली, एक नवरी रडवेली. त्या सगळ्यांना सांभाळून त्यांचं शास्त्र तयार झालं होतं. "'घेता का?' असं कधी विचाराचं नाही बेटा. गिऱ्हाईक 'नाही' म्हनूनच बसलेलं असते. 'हिरवी का जांभळी?' विचाराचं. अन् रंग जात असन तं जाते म्हनून सांगाचं."

हे दुसरं कलम ते सगळीकडे लावत आणि त्यापायी शत्रू जोडत. माझ्या सासूबाईंनी मोठ्या हौसेनं ठेवणीतली साडी त्यांना दाखवली. श्रावणजींनी पदर दोन बोटांत चोळला. "नेसा बाई, मस्त दिसते. पन हे रेशीम नोहे." सासूबाईंनी पंधरा दिवस त्यांना चहा विचारला नाही. मी म्हटलं, कशाला बोललात? तर म्हणे, "त्यायनं विचारलं काहून मंग?" स्वतःच्या कलपाबद्दल मात्र कोणी विचारलेलं त्यांना खपत नसे. तिथे शास्त्र बंद.

ते रोज दोन वेळा येऊ लागले आणि जुई त्यांना आबाजी म्हणू लागली. चादर, चमचे, "आज कोनता काढू?", चार घोट. औषध बिनबोभाट जाऊ लागलं. मी सुखावले होते आणि खरं सांगायचं तर जळतही होते. माझी मुलगी परक्या माणसाच्या हातून कडू औषध घेत होती आणि माझ्या हातचा साधा भात घेत नव्हती. दहाव्या दिवशी श्रावणजी म्हणाले, "उद्यापासून तू पाज."

"ती माझ्याकडून नाही घेणार," मी म्हटलं आणि आमरसाचा सगळा प्रकार त्यांना सांगितला.

"रसात औषध होतं, हे तू तिले सांगितलं काहून नाही अजून?"

"तिला माहीतच आहे ते."

"तिले माहीत हाय. पन तू सांगितलं नाही." मग त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. त्यांच्या नेहमीच्या एका गिऱ्हाइकाला, काटोलकडच्या एका बाईंना, त्यांनी लाल साडी विकली होती. रंग पक्का आहे म्हणून खोटं सांगून. तो रंग तिच्या मुलीच्या लग्नात सगळ्यांदेखत उतरला. "पुढच्या सालात बाई आली. भांडली नाही, बोलली नाही. माह्याकडे पाहिलं अन् शेजारच्या दुकानात जाऊन बसली. भांडते ते गिऱ्हाईक वापस येते बेटा. मी उठून तिच्या मांगं गेलो नाही, माफी मागितली नाही. लाज वाटली मले. ते आजपर्यंत सलते." मग म्हणाले, "तुही पोरगीबी भांडली नाही."

दुसऱ्या दिवशी मी चादरीवर बसले. वर्गात शंभर पोरांपुढे बोलणारी मी, चार वर्षांच्या पोरीपुढे वाक्य जुळवत होते. "जुई, मी रसात औषध घातलं होतं. तुला न सांगता. माझं चुकलं."

तिनं विचारलं, "दुधात पण?"

दुधाचं तिला कळलं नसेल अशी माझी आशा होती. "नाही" म्हणणं किती सोपं होतं. "दुधात पण," मी म्हटलं. "दोनदा."

"उपम्यात?"

"उपम्यात नाही."

तिनं श्रावणजींकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते, मुद्दाम. मग तिनं बाटलीची टोपी उचलून माझ्या हातात दिली. मी पाच मिली ओतलं. तिनं ते घेतलं.

त्यानंतर जुई माझ्या हातचं जेवू लागली, पण दर जेवणाला पहिल्या घासाआधी विचारायची, "यात काही आहे?" मी "नाही" म्हणायची, ती माझा चेहरा निरखायची, मग तोंड उघडायची. औषध एकदाही चुकलं नाही, झटका पुन्हा आला नाही, पण हा प्रश्न काही सुटेना. एकदा वैतागून मी श्रावणजींना म्हटलं, हिनं आणखी किती दिवस माझी परीक्षा घ्यायची? "विचारू दे तिले," ते म्हणाले. "तू दर खेपी खरं सांगून राहिली ना? मंग झालं."

दिवाळीनंतर ते आठ दिवसांसाठी सावनेरला मुलीकडे गेले. जाताना जुईला म्हणाले, "ताई, दुकान सांभाळा." पाचव्या दिवशी त्यांच्या मुलीचा फोन आला. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मी स्वयंपाकघरात खाली बसले आणि माझे वडील गेले तेव्हा रडले होते तशी रडले.

जुई गॅलरीत उभी राहून रोज समोरच्या कुलुपाकडे बघायची. "आबाजी कधी येणार?" नवरा हळूच म्हणाला, "सावनेरलाच आहेत म्हण. महिनाभरात विसरेल." सासूबाईंनीही मान डोलावली. त्यांचेही डोळे लाल होते. एवढीशी पोर, तिला कशाला सांगायचं, असं मलाही वाटलं.

मी जुईला जवळ घेऊन बसले. "जुई, आबाजी वारले. म्हणजे ते आता परत येणार नाहीत."

"सावनेरहून पण नाही?"

"सावनेरहून पण नाही. कधीच नाही."

ती फार रडली. मी तिला गप्प केलं नाही, उद्या येतील म्हटलं नाही. तिच्या पाठीवरून हात फिरवत नुसती बसून राहिले. दिवेलागणीला तिला भूक लागली. मी वरणभात कालवला, पहिला घास तिच्या तोंडाशी नेला आणि रोजच्यासारखी थांबले, तिच्या प्रश्नासाठी.

जुईनं तोंड उघडलं. तिनं काहीच विचारलं नाही.