कुडाला मिशी लावून

"चार दिवस झाले. सहा पिंजरे लावलेत आणि एक उंदीर सापडला नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

इंदिरानगरमधलं त्यांचं छोटं प्रसूतिगृह. बाळंतिणींच्या वॉर्डमध्ये उंदीर दिसला होता, आणि तिथं दोन-दोन दिवसांची बाळं होती. त्यांचं चिडणं रास्तच होतं. पण मला झोंबलं. पेस्ट कंट्रोलमध्ये बारा वर्षं काढलेला माणूस मी! आता हे आपल्या अंगावर येतंय म्हटल्यावर बोलून गेलो, "मॅडम, इथं कोणीतरी खायचं आणून ठेवतं. पिंजरे काय करणार?"

बाईंनी दारात उभ्या असलेल्या यमुनाबाईंकडे पाहिलं. यमुनाबाई सुरगाण्याकडच्या, सात वर्षं तिथं आया. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी फडक्यात बांधून आणायच्या आणि वॉर्डच्या कपाटात ठेवायच्या. शनिवारपर्यंत उंदीर गेला नाही तर तू घरी बस, असं बाईंनी त्यांना माझ्यादेखत सांगितलं. नवरा नाही, दोन मुली शाळेत. माझ्या एका वाक्यानं हे झालं. लाज वाटली मला.

केबिनबाहेर आल्यावर यमुनाबाई भांडतील असं वाटलं. त्या मुकाट्यानं मला वॉर्डमध्ये घेऊन गेल्या. माझे पिंजरे फरशीच्या मधोमध होते. कस्टमरला काम दिसलं पाहिजे, ही आमच्या ऑफिसची शिकवण.

"साहेब, उंदीर मधून नाय जात," त्या म्हणाल्या. "कुडाला मिशी लावून जातो. आमच्याकडं फास लावतात तेबी कडेलाच."

कूड म्हणजे काड्यांची, शेणामातीनं लिंपलेली भिंत. ट्रेनिंगमध्ये हे मलाही शिकवलं होतं, मी साफ विसरलो होतो. उंदराला लांबचं धड दिसत नाही. चालताना त्याच्या मिशा सारख्या पुढेमागे हलतात. त्या भिंतीला घासत राहिल्या की तो बिनधास्त पळतो. भोकातून अंग जाईल का, हेही मिशाच सांगतात. मोकळ्या फरशीवर मिशांना काही लागत नाही, तिथं तो बावरतो. लाइट गेल्यावर आपण भिंत चाचपत जातो, तसंच.

मी पिंजरे उचलून भिंतीला टेकवले, दार भिंतीच्या कडेनं येणाऱ्या वाटेवर. शिवाय ही वाट येते कुठून ते कळावं म्हणून सगळ्या भिंतींच्या कडेला टाल्कम पावडर भुरभुरली.

सकाळी एका पिंजऱ्यात घूस म्हणावी एवढा उंदीर! पण मी आधी पावडर पाहिली. यमुनाबाईंच्या कपाटापाशी एकही पाऊल नाही. पावलांची ओळ भिंत धरून वॉर्डमधून पॅसेजमध्ये, तिथून थेट डॉक्टरबाईंच्या केबिनमध्ये, टेबलाच्या खालच्या ड्रॉवरपर्यंत.

ड्रॉवर त्यांनीच उघडला. आत पेढ्यांचे बॉक्स, कुरतडलेले. बाळ झालं की नातेवाईक हौसेनं आणून द्यायचे. बाईंना डायबेटिस, आणि नाही म्हणवायचं नाही. मग बॉक्स आत सारून द्यायचा आणि विसरायचा.

बाईंनी यमुनाबाईंना आत बोलावून ड्रॉवर दाखवला. मग म्हणाल्या, "यमुना, चुकलं माझं. तू कुठंही जायचं नाहीस."

यमुनाबाई नुसतं "बरं" म्हणाल्या. माझा मात्र जीव भांड्यात पडला.

ड्रॉवरमागच्या भिंतीतलं भोक सिमेंटनं बुजवलं. पुन्हा तक्रार आली नाही. आमच्या धंद्यात आधी पावडर टाकावी, मग तोंड उघडावं.