लाल दोऱ्याची बाटली

माझं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या बेडक्यात गेलं. हसू नका, खरं तेच सांगतेय. मी मूळची धुळ्याची. लॅबचा कोर्स केला आणि जळगावात एका डॉक्टरांच्या लॅबमध्ये नोकरीला लागले, तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. खोली भाड्याची, सायकल मैत्रिणीची, आणि जीभ मात्र स्वतःची, चांगली धारदार. आई म्हणायची, हिच्या तोंडाला घाबरून रोगच पळतील, मशीन कशाला पाहिजे!

मशीन म्हणजे एक मायक्रोस्कोप. खोकला लांबलेल्या माणसाचा सकाळचा बेडका बाटलीत यायचा. तो काचेवर पातळ पसरायचा, लाल रंगात शेकायचा, मग आम्लाने धुऊन वरून निळा रंग द्यायचा. बाकी सगळं लाल रंग सोडून देतं, टीबीचे जंतू तेवढे सोडत नाहीत. निळ्यावर बारीक लाल काड्या दिसल्या की समजायचं, सापडला. आमच्या डॉक्टरांना नव्या औषधांचं भारी कौतुक होतं. पूर्वी दीड-दीड वर्षं सुया टोचाव्या लागत, आता शोधच असा लागलाय की सहा-आठ महिन्यांत माणूस खडखडीत बरा होतो, असं ते येईल त्याला सांगायचे. मग मान माझ्याकडे वळवून म्हणायचे, "फक्त वेळेवर सापडायला हवा." ते सापडणं माझ्या हातात होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता.

एका सोमवारी रावेरच्या पुढच्या एका केळीच्या गावातून एक बाई आली. माझ्याच वयाची, चोवीस-पंचवीसची. पहाटेच्या एसटीने आलेली, पिशवीत दोन बाटल्या. रावेरच्या डॉक्टरांनी बाटल्या आणि चिठ्ठी दिली होती. चिठ्ठीवर दोन नावं होती, वर सासऱ्याचं आणि खाली नवऱ्याचं. घरात दोघंही खोकत होते. केळीची कापणी चाललेली, शेतात ट्रक उभे, म्हणून पुरुषमाणसं थांबली आणि ही आली.

"नाव?" मी विचारलं.

ती फरशीकडे बघत उभी.

"अहो बाई, बाटली कोणाची, नाव सांगा."

"एक आमच्या आबांची," ती म्हणाली, "एक ह्यांची."

"ह्यांची म्हणजे कोणाची? जगातल्या सगळ्या बायकांचे 'हे'च असतात."

रांगेतले चार पुरुष फिदीफिदी हसले. तिनं पदर दातात धरला. मला आणखीच चेव आला. मी चिठ्ठीवरची दोन्ही नावं खणखणीत आवाजात वाचली. सासऱ्याचं आणि नवऱ्याचं नाव असं भर रांगेत, परक्या माणसांसमोर ऐकून ती इतकी ओशाळली, की तिला तिथून कधी एकदा सुटते असं झालं असणार. "पहिली बाटली पहिल्या नावाची ना?" मी विचारलं. तिनं कशीतरी मान हलवली.

बाटल्यांच्या गळ्याला दोरे बांधलेले होते. पहिल्या बाटलीला लाल, दुसरीला काळा. मी दोन्ही कात्रीनं कापून टाकले, चिकटपट्ट्या लावल्या, नावं लिहिली.

"ताई, तो दोरा..." ती म्हणाली.

"दोऱ्याचं राहू द्या. बसा तिकडे. मागे रांग आहे."

पहिल्या बाटलीत लाल काड्या निघाल्या, भरपूर. दुसरी स्वच्छ. रिपोर्ट गेला आणि कोणालाच नवल वाटलं नाही. म्हातारा वर्षानुवर्षं बिड्या ओढणारा, त्याला नाही तर कोणाला व्हायचा टीबी! रावेरच्या डॉक्टरांनी सुया आणि गोळ्या सुरू केल्या. एक्स-रे काढून या म्हणून सांगितलं, तर आबा म्हणाले, कापणी उरकल्याशिवाय मी एसटीत पाय ठेवणार नाही.

ते आले तब्बल महिन्यानं, सुनेला घेऊन. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडाच्या पेटीवर लावला आणि दोनदा निरखून पाहिला. मग मला बोलावलं.

"ही बिडीची छाती आहे. टीबीची नाही. तुमच्या काड्या कुठून आल्या?"

मला राग आला. माझ्या डोळ्यांवर कोणी शंका घेतली की मला झोंबायचं. सापडलेल्या काचा मी खोक्यात जपून ठेवायची. ती काच काढली, लावली, डॉक्टरांना म्हटलं, बघा. लाल काड्या होत्याच. त्यांनी पाहिल्या, मान वर केली आणि शांतपणे विचारलं, "ही काच आहे कोणाची?"

मी टेबलाशी गेले. रजिस्टर उघडलं. वरचा नंबर म्हाताऱ्याचा, खालचा मुलाचा, एकाच दिवशी, एकाच बाईच्या हातून. मी तशीच बाहेर धावले. ती बाकावर बसली होती.

"त्या दिवशी बाटल्यांना दोरे होते. लाल कोणाचा?"

तिनं माझ्याकडे बघितलं, मग शेजारी बसलेल्या सासऱ्याकडे, आणि मान खाली घालून हळूच म्हणाली, "ह्यांचा. मले वाचता येत नाही, अन् नाव घेता येत नाही. म्हणून कुंकवाच्या रंगाचा ह्यांना बांधला, काळा आबांना."

घाबरले की माझ्या तोंडून घरची अहिराणी बाहेर पडते. "माय व! बठ्ठा घोटाळा व्हई गया," मी म्हटलं. सगळाच घोटाळा झाला होता.

आजार ज्याला होता तो महिनाभर बिनऔषधाचा खोकत होता. ज्याला नव्हता त्याच्या अंगात सुया जात होत्या. पण खरं काय झालं होतं ते मला पुढच्या पाच मिनिटांत कळलं. मी तिला विचारलं, घरात लहान कोणी आहे का? ती म्हणाली, पोरगी आहे, दहा महिन्यांची. आबांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. आबांना टीबी आहे म्हटल्यावर तिला त्यांच्यापासून तोडली. आबांची खाट बाहेर खळ्यात टाकली, ताट-तांब्या वेगळा केला. आणि पोरीला सांभाळायला दिलं तिच्या बापाकडे. रात्रंदिवस तिच्या बापाकडे.

डॉक्टर मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "तुम्ही स्वतः जा. उद्या सकाळी बापाला आणि मुलीला घेऊन या."

एसटीत मी त्या दोघांच्या शेजारी बसले. एरवी सुटलेली जीभ, नेमकी त्या दिवशी टाळ्याला चिकटली. सावदा आलं तेव्हा एकदाचं सांगितलं, "आबा, तुम्हाला काहीच झालेलं नाही. चूक माझी आहे. तुमची बाटली मी तुमच्या मुलाच्या नावावर टाकली आणि त्याची तुमच्या." मला वाटलं, आता हा माणूस मला भर गाडीत शिव्या देणार. महिनाभर ढुंगणावर सुया खाल्लेला माणूस, त्याला हक्कच होता.

आबा खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत राहिले. मग म्हणाले, "मंग पोरीले घ्याले मले हरकत नाही?"

"नाही आबा."

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. मी पण पुसले, लाज कसली त्यात. मग त्यांनी विचारलं, "अन् तिचा बाप? अन् पोरगी?" दोघांनाही उद्या जळगावला न्यायचंय, तेवढं मी सांगितलं.

रावेरला उतरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेलो. बांधावर ट्रक उभा होता, माणसं खांद्यावर कापडाची घडी टाकून केळीचे घड वाहत होती. तिचा नवरा ट्रकजवळ घड मोजून घेत होता. एका हातात वही, दुसऱ्या खांद्यावर झोपलेली पोरगी. तो खोकला आणि झोपेतच पोरीचं डोकं हललं. ती बाई चपला तिथंच टाकून पळत सुटली आणि काही न बोलता तिनं पोरगी त्याच्या खांद्यावरून ओढून घेतली. तो भांबावून बघतच राहिला. चिखलातून मागोमाग जाऊन सगळं सांगायचं काम माझ्यावर आलं, आणि मी ते केलं. तो भला माणूस. "माह्यामुळं पोरीले काही झालं तर?" एवढंच तीनदा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जळगावात त्याची बाटली मी त्याच्याच हातून घेतली. लाल काड्या होत्याच. एक्स-रेत उजवीकडे वर एक डाग. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीचाच आहे, गोळ्या पुऱ्या घेतल्या तर काही राहणार नाही. मग पोरीच्या हातावर कातडीच्या आत एक बारीक इंजेक्शन दिलं. तिसऱ्या दिवशी तिथं गाठ आली तर जंतू शिरले असं धरायचं. पोरगी घरीच जन्मलेली, टीबीची लसही टोचलेली नव्हती, म्हणजे गाठ आली तर दुसरं काही कारण नाही.

तो गोळ्या घेऊन गावी गेला. आता खळ्यातली खाट त्याची होती. मायलेकींचं जळगावात कोणी नव्हतं, कुठंतरी धर्मशाळेत राहू म्हणत होती. मी म्हटलं, माझी खोली आहे, चला.

ते तीन दिवस! पोरीचा हात मी दर तासाला बघायची. उजेडात, खिडकीशी, वाकून वाकून. शेवटी ती बाईच म्हणाली, "ताई, असं डोळे वटारून नका बघू, पोरगी तुम्हालाच घाबरून रडते." माझ्यापेक्षा तीच धीराची. ती स्टोव्हपाशी भाकरी थापत होती, तेव्हा मी तिला विचारलं, नवऱ्याचं नाव का घेत नाहीस? ती हसली. मग म्हणाली, नाव घेतलं की त्यांचं आयुष्य कमी होतं, असं आमच्यात म्हणतात. पिठाचे हात तसेच ठेवून तिनं पोरीकडे बघितलं. नाव न घेतल्यानंच ते कमी व्हायची वेळ आली होती, हे तिच्या मनात आलं ते मला कळलं, आणि मी विचारलं नाही. मी एवढंच म्हटलं, "दोरा काय आहे ते मी ऐकून घ्यायला हवं होतं." ती म्हणाली, "हो, हवं होतं." माझ्यावर तिनं काढलेला तेवढाच एक राग.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पोरीचा हात बोटानं चाचपला. मोजपट्टी लावली. पुन्हा चाचपला. पोरगी त्यांच्या पेनाला झोंबत होती.

"काही नाही," ते म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथंच स्टुलावर बसले आणि वेड्यासारखी हसत सुटले. डॉक्टरांनी मात्र लगेच बजावलं, जंतू नुकते शिरले असतील तर इतक्यात दिसत नाहीत, दोन महिन्यांनी पुन्हा बघायचं, तोवर पोरीला रोज गोळी चुरून द्यायची, चुकवायची नाही. तिनं एकही चुकवली नाही. आबा स्वतः मधात कालवून भरवायचे, पोरगी त्यांच्याच मांडीवर असायची.

दोन महिन्यांनी पुन्हा तेच इंजेक्शन, पुन्हा तीन दिवस माझ्या खोलीत. हात स्वच्छ. तेव्हाच नवऱ्याचा बेडका तपासायचा होता. ती काच मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली, मग डॉक्टरांना दाखवली, मग जेवून येऊन पुन्हा पाहिली. निळंच निळं, लाल कुठंही नाही. पुढे त्यानं गोळ्या पुऱ्या केल्या आणि तो बरा झाला.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, ती बाटली आली त्या सकाळचं. सोमवारच होता आणि रांग दारापर्यंत गेली होती. तोवर मी रजिस्टरात एक नवा रकाना आखला होता, दोऱ्याच्या रंगाचा. बायका आपापल्या खुणा सांगत, मी ऐकून घ्यायची, लिहून घ्यायची, दोरा कापायची नाही. ती आली, कडेवर पोरगी, मागे आबा. बाटलीच्या गळ्याला लाल दोरा. मी रकान्यात 'लाल' लिहिलं आणि म्हटलं, "झालं, बसा."

ती जागची हलली नाही. "नाव विचारा ना ताई."

"अहो, मला पाठ आहे नाव."

"नाही. विचारा."

मी विचारलं. तिनं हातात धरलेला पदर सोडला, मान वर केली आणि नवऱ्याचं नाव घेतलं. त्याचं, मग बापाचं, मग आडनाव. स्वच्छ, मोठ्यानं, रांगेच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. बापाचं नाव म्हणजे सासऱ्याचंच, आणि सासरा मागे उभा. आबा हलकेच खाकरले आणि म्हणाले, "बरोब्बर हाये. लिहा."

ते नाव मी इथं लिहिणार नाही. तेव्हाही मला ते पटकन लिहिता आलं नाही. पेन हातात तसंच राहिलं आणि पुढचं पान धूसर दिसायला लागलं. ती माझ्याकडे बघून हसली.

"लिहा की ताई," ती म्हणाली. "मागे रांग आहे."