दुधाच्या टाकीतलं फूल

माझे मामा सव्वीस वर्षं जहाजावर खलाशी होते. नोकरी संपवून किकवीला परतले तेव्हा त्यांच्याकडे एक ट्रंक, एक दुखरा गुडघा आणि दर सुट्टीत सांगितलेली एक गोष्ट होती. उत्तरेकडच्या कुठल्याशा बंदरात, फ्रिजमधल्या पाण्याइतक्या गार समुद्रात, धक्क्याच्या दगडांना म्हणे पांढरी फुलं लागतात. ती जिवंत असतात आणि मासे खातात.

"फुलं मासं खात्यात, मंग मासं काय देवाला वाहत्यात व्हय?" असं म्हणून मामी हसायची. गावानं तर गोष्ट डोक्यावरच घेतली. एसटी आज वेळेवर येणार आहे असं कुणी सांगितलं, तरी स्टँडवरून आवाज यायचा, "खलाशाचं फूल!"

गावाचं मामांना काही वाटत नव्हतं. मामीचं हसणं मात्र त्यांना लागायचं. वर्षातून दोन महिने घरी येणारा माणूस. बाकीचे दहा महिने तो कुठं होता, याचा पुरावा म्हणून त्यांच्याकडे तेवढं फूलच होतं. "हिला एकदा दाखवायचं भाच्या, मंग म्या मेलो तरी चालंल," ते मला म्हणाले. त्यांचा जहाजावरचा एक जोडीदार अजून त्या बंदरात जात-येत होता आणि थर्मासमधून फूल आणायला तयार होता. आधी टाकी तयार पाहिजे, एवढीच त्याची अट.

भोरला तेव्हा माझं काच आणि अ‍ॅल्युमिनियमचं दुकान होतं. खिडक्या, शोकेस, देव्हाऱ्याची दारं. टाकी काचेचीच होणार आणि मीच करणार, हे मी धरूनच चाललो. टाकी झालीही देखणी. आत गार पाणी भरून बर्फाची लादी सोडली, आणि पाच मिनिटांत काचेला बाहेरून असा घाम फुटला की आत पाणी आहे की रॉकेल, ते कळेना. मामी पदरानं पुसायची. मान वळवेपर्यंत पुन्हा धुकं.

"ह्यात हत्ती ठिवला तरी दिसायचा न्हाई," ती म्हणाली.

मग मी ईर्ष्येनं दुहेरी काच बसवली, मधे बोटभर पोकळी ठेवून. आता घाम दोन काचांच्या मधे सुटला. तिथं पदरही पोचत नव्हता. त्या दिवशी मी इतका चिडलो की जेवलो नाही. वर लोडशेडिंग, आणि सारोळ्याहून येणारा बर्फ घरी पोचेपर्यंत निम्मा रस्त्यावरच सांडायचा.

तेवढ्यात कामथडीकडचं एक दूध संकलन केंद्र बंद पडलं आणि तिथली दूध गार ठेवायची टाकी विकायला निघाली. स्टीलची, जाड भिंतींची, लाईट गेली तरी गारवा धरणारी. मामा तिच्यावरून हात फिरवत उभे राहिले, तेव्हाच माझी काच हरली.

"पण मामा, आत दिसणार कसं?"

"झाकन हाय की."

"अहो, दाखवायची टाकी आणि तिला खिडकी नाही!"

"फुलाला गार पायजे. बगनाऱ्याची सोय मागनं."

टाकी टेम्पोतून आली. मामीनं तिला हळदीकुंकू लावलं. जोडीदारानं पाठवलेलं मीठ विहिरीच्या पाण्यात कालवलं, पण पाणी समुद्राइतकं खारं झालं की नाही, हे कसं ठरवायचं? केंद्राचे जुने सचिव टेम्पोबरोबर आले होते. त्यांनी सवयीनं खिशातला लॅक्टोमीटर, म्हणजे दुधातलं पाणी पकडायची ती काचेची नळी, टाकीत सोडला. नळी पंचविसावर तरंगली.

"म्हशीचं न्हाई," ते गंभीरपणे म्हणाले. "गायीचं. त्येबी पानी घातल्यालं."

मिठाबरोबर आलेल्या जोडीदाराच्या चिठ्ठीशी ताडून पाहिलं, तर आकडा अगदी समुद्राचा निघाला. मामांनी सचिवांना चहा पाजला.

जोडीदार थर्मास घेऊन आला त्या दिवशी अर्धं गाव मामांच्या पडवीत होतं. टाकीत उतरला तो एक दगड, आणि त्याला चिकटलेला चिकूएवढा मळकट गोळा. लोकांनी आळीपाळीनं वाकून टॉर्च मारला. "कांद्याला मोड आल्यावर बलवा," असं म्हणत सगळे पांगले. मामा आठ दिवस टाकीजवळ स्टूल टाकून बसले. दर दहा मिनिटांनी झाकण उघडायचं, टॉर्च मारायचा. गोळा तो गोळाच. नवव्या दिवशी ते उठले, त्यांनी स्टूल आत नेलं आणि पुन्हा टाकीकडे फिरकले नाहीत. मला वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं.

महिनाभरानं मी माझ्या काचा परत न्यायला गेलो होतो. मामा सारोळ्याला गेले होते. टाकी गार आहे ना, हे बघायचं काम आता मामी करायची, टॉर्चबिर्च न मारता, झाकण हातभर उचलून. त्या दुपारी ती बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसलीच.

"फूल हाय," ती म्हणाली. "म्या सुकट टाकली. खाल्ली त्यानं."

मी धावलो, झाकण धाडकन उघडलं. दणक्यानं आणि उजेडानं पुन्हा मिटलेला गोळा! मामी मला जे बोलली ते इथं लिहीत नाही.

संध्याकाळी ती स्टँडवर जाऊन उभी राहिली. मामा एसटीतून उतरले तसं चार लोकांदेखत तिनं सांगितलं, "पांढरं हाय. शेवंतीवानी. मासं खातंय." लोक पोट धरून हसले. "आता दोगंबी!" कुणीतरी ओरडलं. मामी त्यांच्याकडे वळून म्हणाली, "हसा. म्याबी सव्वीस वर्सं हसले."

घरी आल्यावर मी मामांच्या हातात टॉर्च दिला. त्यांनी तो खाली ठेवला आणि मामीसमोर पाटावर बसले.

"पांढरं कसं?" ते म्हणाले. "पुन्हा सांग."